पाच टांकसाळी आणि एक मुंबईचा रुपया

जॉर्ज मॉर्गन हा इंग्लंडहून येऊन फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ठसे कोरण्याचं काम करणारा कारागीर. त्याने घडवलेला चांदीचा डॉलर 1878 पासून 1904 पर्यंत पाडला गेला आणि मग मध्येच 1921 मध्ये आणखी एक वर्ष. (2021 पासून संग्राहकांसाठी नवे मॉर्गन निघतात, पण ते प्रकरण वेगळं.) जुने मॉर्गन पाच टांकसाळींत तयार झाले: फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स, सॅन फ्रान्सिस्को, कार्सन सिटी आणि डेन्व्हर. पाचही ठिकाणचा एकेक डॉलर मिळवायचा, तो तज्ज्ञांकडून तपासून, ग्रेड लावून सीलबंद करून घ्यायचा, असं मी 2023 च्या जानेवारीत ठरवलं. 2024 च्या जूनमध्ये संच पुरा झाला. मधल्या काळात काय करावं लागलं, पैसे कुठे गेले आणि नुसतं थांबावं कुठे लागलं, ते क्रमाने लिहिते आहे. मी सुरुवात केली तेव्हा जे काही वाचायला मिळालं ते आधीपासून सगळं ठाऊक असलेल्यांसाठी लिहिलेलं होतं. फॉर्ममधला एखादा रकाना का असतो, हे सांगायला कुणी थांबत नव्हतं.

पाचच नाणी का, हे आधी सांगते. मॉर्गनचा साल आणि टांकसाळ धरून पूर्ण संच करायचा तर शंभराच्या आसपास नाणी लागतात, आणि त्यातली काही पगारदार माणसाला झेपणारी नाहीत. 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोत फक्त 1,00,000 डॉलर पाडले गेले. त्यातलं झिजून गुळगुळीत झालेलं नाणंही हजारो डॉलरला जातं. पाच टांकसाळींचा संच मात्र आवाक्यातला आहे. शिवाय त्यात देशाचा नकाशा येतो: नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या खाणींतली चांदी, मिसिसिपीच्या मुखाजवळचं बंदर, पॅसिफिकचा किनारा, रॉकी पर्वताचा पायथा. मी न्यू जर्सीत राहते, फिलाडेल्फिया तर शेजारचंच गाव.

पहिले तीन-चार महिने मी एकही नाणं घेतलं नाही. हा सल्ला मला आमच्या भागातल्या नाणेसंग्राहक मंडळाने दिला. महिन्यातून एकदा सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीत सभा, वर्षाची वर्गणी पंधरा डॉलर. बहुतेक सभासद सत्तरीच्या पुढचे, सगळे पुरुष, आणि मी दारात उभी राहिले तेव्हा खोलीतला माझ्यासारखा एकही चेहरा नव्हता. परत फिरावंसं वाटलं होतं. एका आजोबांनी खुर्ची सरकवली, हातात भिंग दिलं आणि म्हणाले, आज काही बोलू नका, फक्त बघा. तुमच्या भागात असं मंडळ असेल तर तिथूनच सुरुवात करा. पुस्तकातल्या फोटोत चांदीची झळाळी दिसत नाही. ती नाणं हातात घेऊन दिव्याखाली फिरवल्यावरच कळते.

साहित्य थोडंच लागतं. पाचपट मोठं दाखवणारं भिंग, दशांशाच्या दोन घरांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, एक टेबल-लॅम्प, खाली अंथरायला मऊ कापड. हे सगळं साठ डॉलरच्या आत झालं. खरा मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅमचा, 38.1 मिलिमीटर व्यासाचा, 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांब्याचा असतो. चुंबकाला तो चिकटत नाही. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण अर्ध्या-एक ग्रॅमहून जास्त फरक दिसला तर ते खाली ठेवावं. बनावट डॉलर बाजारात भरपूर आहेत आणि हल्लीचे चांगल्या प्रतीचे आहेत. काहींचं वजनही बरोबर असतं. अमेरिकेत 1973 पासून कायदा आहे की नक्कल म्हणून बनवलेल्या नाण्यावर ‘कॉपी’ असं ठसठशीत उमटवलेलं हवं, पण फसवायला निघालेला माणूस तो कशाला पाळेल? म्हणून वजन-माप ही पहिली चाळणी समजा, शेवटची नव्हे.

आता पाहण्याबद्दल. मला या साऱ्या खटाटोपात सगळ्यांत जास्त आनंद इथे मिळाला.

न वापरलेलं नाणं दिव्याखाली धरून हळूच तिरपं केलं की चांदीवरून उजेडाचे पट्टे गोल फिरतात. संग्राहक त्याला ‘कार्टव्हील’ म्हणतात. ठशाच्या जोरदार दाबाखाली धातू केंद्रापासून कडेकडे सरकतो, तेव्हा पडलेल्या अतिसूक्ष्म रेषांमुळे हे घडतं. नाणं हाताळलं गेलं की त्या रेषा आधी उंच भागांवरून झिजतात. म्हणून दर्शनी बाजूवरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या गालाकडे, कानावरच्या केसांकडे आणि मागच्या बाजूला गरुडाच्या छातीकडे बघायचं. तिथे उजेड फिरता फिरता तुटला, करडा डाग दिसला, तर नाणं थोडंतरी वापरात गेलेलं आहे. लिबर्टीच्या चेहऱ्यासाठी मॉर्गनसमोर बसली होती फिलाडेल्फियाची एक शिक्षिका, ॲना विलेस विल्यम्स. तिचा गाल हा नाण्याचा सगळ्यांत उघडा भाग. हे डॉलर हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरून तिजोऱ्यांत ठेवलेले असत, एकमेकांवर आपटत, आणि ते सारे ओरखडे त्या गालावर जमा झालेले दिसतात. एकदाही कुणाच्या खिशात न गेलेल्या नाण्यावरही ते असतात. सुरुवातीला मला वाटायचं की खाच दिसली म्हणजे नाणं वापरलेलं; तो फरक डोळ्यात बसायला बरेच दिवस जावे लागले.

आजोबांनी एकदा माझ्यासमोर 1881 चं सॅन फ्रान्सिस्कोचं आणि त्याच सुमाराचं न्यू ऑर्लिन्सचं नाणं शेजारी शेजारी ठेवलं. दोन्ही न वापरलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यात कानावरची एकेक बट सुटी, गरुडाच्या छातीवरचं एकेक पीस मोजता येईल असं. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यात तोच भाग सपाट, पुसट. ही झीज नव्हे. ठसा तिथे पुरा उमटलाच नव्हता. न्यू ऑर्लिन्सचे बरेच डॉलर असेच कमी दाबाने पाडलेले आहेत. दोन शहरांतल्या कामगारांच्या हाताची सवय सव्वाशेहून अधिक वर्षांनी वाचनालयातल्या टेबलावर दिसत होती. त्या दिवशी हा छंद मला खऱ्या अर्थाने लागला.

टांकसाळीची खूण मागच्या बाजूला, पानांच्या माळेखाली, ‘डॉलर’ शब्दाच्या जरा वर असते: सॅन फ्रान्सिस्कोला एस, न्यू ऑर्लिन्सला ओ, कार्सन सिटीला सीसी, डेन्व्हरला डी. फिलाडेल्फियाला खूणच नाही.

याच काळात फोनवर आईशी झालेलं बोलणं सांगायला हवं. मी तिला व्हिडिओवर एक काळपट निळसर झालेला डॉलर दाखवला. ती म्हणाली, “अगं, काळी पडलेली नाणी कसली विकत घेतेस? चिंच लाव, नाहीतर रांगोळीनं घास, लख्ख निघेल.” आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातले चांदीचे रुपये असेच घासूनपुसून, हळदकुंकू लावून ताटात ठेवतात. आईचं तिच्या जागी बरोबरच आहे, तो रुपया पूजेचा आहे. पण संग्रहाचं नाणं घासलं की वर सांगितलेल्या त्या सूक्ष्म रेषाच निघून जातात आणि त्या पुन्हा कधी येत नाहीत. घासलेलं नाणं चकाकतं खरं, पण उजेड त्यावर फिरत नाही, एका जागी थिजतो, आणि भिंगाखाली केसासारखे समांतर ओरखडे दिसतात. त्यामुळे काहीही झालं तरी नाणं घासू नका. चांदीचं पॉलिश, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांतलं काहीही नको.

खरेदीला मे महिन्यात सुरुवात केली. पहिलं घेतलं 1887 चं फिलाडेल्फियाचं, पासष्ट डॉलरला, जवळच्या गावातल्या रविवारच्या छोट्या प्रदर्शनात. त्या वेळी चांदीच्या भावाने एका मॉर्गनमधल्या चांदीचीच किंमत अठरा-एकोणीस डॉलर होत होती. एका डॉलरात पाऊण ट्रॉय औंसाहून किंचित जास्त, नेमकी 0.7734 औंस चांदी असते. हा आकडा पाठ ठेवा. कुणी झिजलेला साधा मॉर्गन चांदीच्या भावाहून खूप कमी किमतीत देत असेल, तर तो देव माणूस नाही, नाणं खोटं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचं 1881 चं नव्वद डॉलरला मिळालं. डेन्व्हरचं पन्नासला. न्यू ऑर्लिन्सचं 1883 चं एका विक्रेत्याकडून सत्तरला घेतलं. त्याचा पृष्ठभाग मला जरा जास्तच एकसारखा वाटत होता. विक्रेत्याचं मत वेगळं होतं. मी विचारलं, ग्रेडिंगला पाठवल्यावर ‘साफ केलेलं’ असा शेरा आला तर परत घ्याल का? तो हो म्हणाला. मग तेवढं पावतीवर लिहून सही करून घेतली. संकोच वाटतो, पण विचारा. चांगल्या विक्रेत्याला यात काही गैर वाटत नाही, आणि जो नाही म्हणतो त्याच्या नाही म्हणण्यातूनही कळायचं ते कळतं.

कार्सन सिटीच्या नाण्यासाठी नोव्हेंबरमध्ये बॉल्टिमोरला गेले. तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलंच टेबलं. पहिला तासभर दडपून जायला होतं. मी ठरवून गेले होते की फक्त एकच नाणं बघायचं. टेबलाशी जाऊन “हे बघू का?” असं विचारावं, नाणं नेहमी कडेला धरावं, ते मऊ ट्रेच्या वरच राहील असं बघावं. भाव विचारताना “तुमचा शेवटचा भाव काय?” एवढं पुरतं, अर्ध्यावरून घासाघीस सुरू केली तर ट्रे मुकाट्याने आत जातो. रोख पैसे जवळ असले की पाच-दहा डॉलर सहज सुटतात.

कार्सन सिटीची गोष्ट अशी. नेवाडातल्या चांदीच्या खाणींच्या जवळ म्हणून ही टांकसाळ काढली गेली. 1870 पासून 1893 पर्यंत, मधली काही वर्षं सोडून, तिथे नाणी पाडली गेली. आज त्या इमारतीत राज्याचं संग्रहालय आहे आणि तिथलं पहिलं नाणेयंत्र अजून चालू स्थितीत आहे. तिथले डॉलर दुर्मीळ समजले जात. मग 1964 च्या मार्चमध्ये सरकारने कागदी प्रमाणपत्राच्या (नोटेसारखं चालणारं ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’) बदल्यात चांदीचे डॉलर देणं थांबवलं, तिजोऱ्यांत काय उरलंय याची मोजदाद झाली, आणि तिथे जवळपास 30 लाख डॉलर सापडले, बहुतेक सगळे कार्सन सिटीचे आणि न वापरलेले. जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने ते 1972 ते 1980 या काळात टपालाने जनतेला विकले, काळ्या चौकोनी प्लास्टिकच्या कडक पेटीत घालून. 1884 साली कार्सन सिटीत 11,36,000 डॉलर पाडले गेले, त्यातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक या तिजोरीतच पडून होते! म्हणून 1884 चं नाणं मूळ काळ्या पेटीसकट मला दोनशे साठ डॉलरला घेता आलं. असं नाणं घेतलंत तर पेटी फोडू नका. ग्रेडिंग करणारे पेटीसकट नाणं तपासून पेटीभोवतीच सीलपट्टी लावून देतात.

डिसेंबरात भारतात आले. नाणी घरीच होती, पण डोक्यात डेन्व्हरचा डॉलर घोळत होता. डेन्व्हरच्या टांकसाळीत नाणी पडू लागली 1906 मध्ये, म्हणजे मॉर्गन डॉलर बंद झाल्यानंतर. मग डेन्व्हरचा मॉर्गन आलाच कसा? तो फक्त एका वर्षाचा आहे, 1921 चा, आणि त्याचं उत्तर मुंबईत आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटन भारतातून धान्य, ताग, कातडी, कापड घेत होतं आणि इथे पैसे रुपयांत द्यावे लागत होते. कागदी नोट दिली की लोक ती सरकारी चलन कचेरीत नेऊन चांदीचा रुपया मागत, तो त्यांचा हक्कच होता. चांदी संपत आली. 1917 च्या नोव्हेंबरअखेर सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली, ती याच टंचाईमुळे. 1918 च्या वसंतात मुंबईत नोटा बदलून घ्यायला झुंबड उडाली. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली, आणि 23 एप्रिल 1918 ला अमेरिकन काँग्रेसने पिटमन कायदा केला. त्यानुसार तिजोरीतले 27,02,32,722 चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातल्या जवळजवळ 26 कोटी डॉलरांची चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली गेली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे डॉलर वितळवले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे मॉर्गन किती पाडले गेले हे आकडे छापलेले मिळतात, पण किती उरले हे त्यावरून कळत नाही. अनुभवी संग्राहक या आकड्यांवर विसंबून किंमत ठरवत नाहीत, त्याचं हे कारण.

कायद्यात अट होती की जितके डॉलर वितळवले तितकी चांदी अमेरिकन खाणींकडून औंसाला एक डॉलर या ठरीव भावाने परत घ्यायची आणि तितके डॉलर पुन्हा पाडायचे. म्हणून 1921 मध्ये मॉर्गन परत आला, आणि त्या एका वर्षी डेन्व्हरनेही 2,03,45,000 डॉलर पाडले. जुने मूळ ठसे 1910 मध्ये नष्ट केले होते, त्यामुळे वृद्ध मॉर्गनला नवे करावे लागले. 1921 च्या नाण्यावरचा उठाव उथळ वाटतो तो यामुळे. बरेच संग्राहक या सालाला नाक मुरडतात. मला पाचांत हेच सगळ्यांत जवळचं वाटतं. माझ्या पणजीच्या गाठोड्यातले रुपये आणि डेन्व्हरचा हा डॉलर एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत.

देव्हाऱ्यातल्या डब्यात 1919 चा पंचम जॉर्जचा रुपया निघाला. तो अमेरिकेला नेऊन डेन्व्हरच्या डॉलरशेजारी ठेवावा असं फार वाटलं. पण भारतात 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू ठरू शकतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. 1919 च्या रुपयाने शंभरी ओलांडली आहे. “एक रुपया तर आहे, पर्समध्ये टाक,” असं घरातले म्हणत होते. नेला नाही. परदेशी राहणाऱ्या कुणीही वडिलोपार्जित नाणी सामानात टाकण्याआधी हे लक्षात घ्यावं. विमानतळावर पकडली गेली तर नाणं तर जातंच, मागे चौकशी लागते. तो रुपया आईकडेच आहे, आणि आता ती तो रांगोळीने घासत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रेडिंगचं काम हाती घेतलं. अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या आहेत, 1986 मध्ये सुरू झालेली पीसीजीएस आणि 1987 मध्ये सुरू झालेली एनजीसी. दोन्हींच्या सीलबंद पेटीतलं, म्हणजे ‘स्लॅब’मधलं नाणं कुठलाही विक्रेता बिनदिक्कत घेतो. ग्रेड 1 ते 70 या पट्टीवर लागतो. ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. 60 पासून पुढे न वापरलेली नाणी, तिथे ‘एमएस’ लावतात. त्याच्या किंचित खालची ‘एयू’. मी एनजीसी निवडली, कारण नाणी पाठवण्यासाठी लागणारं तिथलं सभासदत्व मला पंचवीस डॉलरमध्ये मिळालं. नाण्यामागे शुल्क वीस-पंचवीस डॉलर, प्रत्येक फॉर्ममागे दहा डॉलर वेगळे, परतीचं टपाल आणि विमा आणखी वेगळा. दर बदलत असतात, भरण्याआधी ताजे बघा.

फॉर्ममध्ये एका नाण्याला एक ओळ: सभासद क्रमांक, देश, नाण्याची दर्शनी किंमत, साल, टांकसाळ, आणि ‘जाहीर किंमत’. हा शेवटचा रकाना मला छळत होता. जाहीर किंमत म्हणजे नाणं बाजारात कितीला जाईल याचा तुमचा प्रामाणिक अंदाज. त्यावर शुल्काचा वर्ग ठरतो आणि परतीच्या टपालाचा विमाही. कमी लिहिली तर वाटेत हरवल्यावर तेवढेच मिळतील. उगाच जास्त लिहिली तर महागड्या वर्गात जाल. मी खरेदीची किंमत लिहिली. काळ्या पेटीतलं नाणं पेटीतच ठेवून तपासायचं आहे, हेही फॉर्मवर स्पष्ट लिहिलं.

बाकीची चार नाणी वेगवेगळ्या पारदर्शक मायलर पाकिटांत घातली. मऊ, लवचिक प्लास्टिकची पाकिटं घेऊ नका. त्यात पीव्हीसी असतं आणि काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. स्टेपल मारलेली पुठ्ठ्याची पाकिटंही पाठवायला नकोत, काढताना पिनेचा ओरखडा उठतो. पाकिटावर फॉर्ममधला ओळ क्रमांक, सगळी क्रमाने दोन पुठ्ठ्यांमध्ये, रबरबँड, छोटा खोका, तो मोठ्या खोक्यात. हलवून बघितलं, काही वाजत नाही ना. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि फॉर्मची प्रत घरी ठेवली. आणि प्रत्येक नाण्यापुढे मला वाटणारा ग्रेड वहीत लिहिला. हे जरूर करा. निकाल आल्यावर आपला डोळा कुठे कमी पडतो ते त्यावरूनच कळतं.

टपालाला रजिस्टर्ड मेल वापरलं. अमेरिकन टपाल खात्याची ही सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत सुरक्षित सेवा: खोका ज्या ज्या हातात जातो तिथे त्याची नोंद होते, आणि विमा 50,000 डॉलरपर्यंत मिळतो. मात्र खोक्याच्या प्रत्येक सांध्यावर तपकिरी कागदी टेप हवी, कारण त्यावर टपाल खात्याला शाईचे शिक्के मारायचे असतात. चकचकीत प्लास्टिकची टेप अजिबात चालत नाही. खिडकीवरच्या बाईंनी माझा खोका चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि मग शिक्के मारायला सुरुवात केली. ते होईपर्यंत माझ्या छातीत धडधडत होतं. पत्त्यात ‘नाणी’ किंवा ‘चांदी’ असा शब्द येऊ देऊ नका. खर्च पंचवीस डॉलरच्या आत.

खोका पोचल्याची नोंद आठवड्याने दिसली. त्यानंतर बरेच आठवडे ऑनलाइन खात्यात तीच स्थिती. मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचे, आणि नवरा विचारायचा, “निघाला का निकाल?” या काळात कंपनीला फोन करून काही फरक पडत नाही. नाणं कुणाचं हे तपासणाऱ्याला माहीत नसतं, एकाहून जास्त तज्ज्ञ ते स्वतंत्रपणे बघतात, मग ते सीलबंद होतं, फोटो निघतात. एकूण दोन महिने गेले.

एप्रिलअखेर निकाल दिसला. सॅन फ्रान्सिस्को एमएस 64, मी 63 लिहिलं होतं. फिलाडेल्फिया एमएस 63, मी 64 लिहिलं होतं. गालावरचे ओरखडे मी पुरेसे मोजले नव्हते. कार्सन सिटी एमएस 62, डेन्व्हर एयू 58, दोन्ही अंदाजाप्रमाणे. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्याला आकडा मिळाला नाही. नाणं अस्सल आहे, पण ‘साफ केलेलं’ असा शेरा. वाईट वाटलं, कारण ते घेतानाच मनात शंका होती आणि ते देखणं होतं. पावती घेऊन विक्रेत्याकडे गेले, त्याने शब्द पाळला आणि सत्तर डॉलर परत दिले. ग्रेडिंगचे पैसे अर्थातच गेले.

जूनमध्ये एका छोट्या प्रदर्शनात 1885 चं न्यू ऑर्लिन्सचं नाणं आधीच स्लॅबमध्ये असलेलं मिळालं, एमएस 63, पंच्याऐंशी डॉलर. स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून फोटो जुळतो ना ते तिथल्या तिथे फोनवर बघून घेतलं, कारण स्लॅबसुद्धा बनावट निघतात. नाण्यांना साडेपाचशे, ग्रेडिंग, टपाल आणि त्यासाठीच्या सभासदत्वाला सव्वादोनशे असा खर्च झाला. साध्या मॉर्गनसाठी हा हिशेब जमत नाही: पन्नासच्या डेन्व्हरवर ग्रेडिंग आणि टपाल मिळून चाळीसच्या वर गेले. ज्यांना फक्त संच हवा आहे त्यांनी सरळ स्लॅबमधली नाणी घ्यावीत. नाणं बघायला शिकायचं असेल तर मात्र एकदा तरी आपलं नाणं पाठवून बघावं. त्या निकालाने मला जितकं शिकवलं तितकं वाचून कळलं नसतं.

दोन कोरड्या गोष्टी. घराच्या नेहमीच्या विम्यात नाण्यांना फार थोडं संरक्षण असतं, वेगळी नोंद करावी लागते. आणि बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना ठेवींसारखा सरकारी विमा नसतो. सगळ्या पावत्या जपा. वर्षाहून जास्त काळ ठेवलेलं नाणं नफ्यात विकलं तर अमेरिकेत त्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, आणि खरेदीची किंमत दाखवायला पावतीच लागते.

जूनच्या त्याच प्रदर्शनात परदेशी नाण्यांच्या एका ट्रेमध्ये 1919 चा रुपया दिसला. आधीपासून इथेच असलेलं नाणं, त्यामुळे भारताबाहेर नेण्याचा प्रश्न नव्हता. अठरा डॉलर. विक्रेत्याला मी पिटमन कायद्याचं सांगितलं, त्याला ते माहीत होतं. भारतीय रुपयाशी त्याचा संबंध आहे म्हणून कुणी रुपया मागायला आल्याचं मात्र त्याला आठवत नव्हतं. याच रुपयात डॉलरांची चांदी आहे असं कुणालाच म्हणता येणार नाही, पण त्या सुमारास टांकसाळींत आलेली बरीचशी चांदी तीच होती. तुम्हीही शोधणार असाल तर वजन 11.66 ग्रॅम भरायला हवं, आणि मागच्या बाजूला अगदी खाली कमळ असतं, त्याच्याखाली भिंगाने बघा. बारीक उठावदार ठिपका असेल तर रुपया मुंबईचा. ठिपका नसेल तर कलकत्त्याचा.